कॉफीचा मळा आणि प्रार्थनेची घंटा
(नभोवाणीवरील भाषण)

मिशन हा शब्द उच्चारला कीं आपल्या डोळ्यांपुढें एक ठराविक चित्र उभें राहतें. कौलारू शाळा, तिच्या पलीकडे दवाखाना, एक लहानसें प्रार्थनामंदिर आणि हातांत पुस्तक घेतलेला पाद्री. या चित्रांत पैशाचा कोठेंहि मागमूस नसतो. शाळेंतील मास्तरांचा पगार, दवाखान्यांतील औषधें, पाद्रीसाहेबांच्या टेबलावरचा पाव हें सर्व कोठून येतें, असा प्रश्न आपण सहसा विचारीत नाहीं. आणि विचारलाच तर ‘विलायतेहून’ एवढें उत्तर आपणांस पुरतें. तें बव्हंशीं खरेंहि असतें. परंतु ज्यांना हें उत्तर लाजिरवाणें वाटलें आणि उपदेशाचा खर्च जमिनींतून, स्वतःच्या श्रमांतून काढावयाचा असा ज्यांनीं हट्ट धरला, अशा मिशनऱ्यांचीहि एक परंपरा आहे. त्यांपैकीं एकाची आणि त्याच्या कॉफीच्या मळ्याची हकीकत मी आज सांगणार आहें.

हा मळा आपल्या कूर्गांतला नव्हे. आज ज्यास मलावी म्हणतात आणि १९०७ पासून १९६४ पर्यंत ज्याचें नांव न्यासालँड होतें, त्या आफ्रिकेंतील देशाच्या दक्षिण भागांत शिरे नदीच्या बाजूस एक उंच पठार आहे. त्यावर ब्लँटायर गांवाजवळ मित्सिदी म्हणून ठिकाण आहे, तेथें हा मळा होता. नांवें परकीं वाटतील, पण या प्रदेशाशीं मुंबईचें आणि नाशिकचें एक जुनें नातें आहे. १८६१ सालीं डेव्हिड लिव्हिंग्स्टननें याच पठारावर गुलामांच्या तांड्यांतून कांहीं माणसें सोडविलीं. त्यांत चुमा नांवाचा एक पोरगा होता. सोडविलेल्या लोकांना घेऊन मागोमेरो येथें एक मिशन उघडण्यांत आलें, तें तापानें आणि दुष्काळानें थोडक्याच काळांत मोडलें. पुढें १८६४ सालीं लिव्हिंग्स्टन आपल्या लहानशा आगबोटींतून समुद्र ओलांडून मुंबईस आला, तेव्हां हा चुमा डॉ. विल्सन यांच्या शाळेंत राहिला. १८७३ सालीं लिव्हिंग्स्टन वारल्यावर त्याचें शव समुद्रकांठापर्यंत वाहून नेणाऱ्या इमानी मंडळींत चुमा होता, आणि नाशिकजवळ शरणपुरास शिकलेला जेकब वेनराइटहि होता. मागोमेरो हें नांव मात्र श्रोत्यांनीं लक्षांत ठेवावें. त्याची गांठ पुढें पुन्हां पडावयाची आहे.

या पठारावर कॉफी आली तीच मिशनच्या हातून. ब्लँटायरचें स्कॉटिश मिशन १८७६ सालीं स्थापन झालें. १८७८ सालीं त्याच्या जोनाथन डंकन नांवाच्या माळ्यानें एडिंबरोच्या वनस्पतिउद्यानांतून कॉफीचीं रोपें आणलीं. त्यांतलें एकच जगलें अशी नोंद आहे, आणि तेथील प्रारंभींचे मळे या एका झाडाच्या संततीनें भरले. मिशनकडे जॉन ब्यूकॅनन नांवाचा दुसरा एक माळी होता. मिशनच्या आवारांत आफ्रिकन लोकांस फटके मारण्याचें प्रकरण उघडकीस येऊन १८८१ सालीं जीं माणसें कमी झालीं, त्यांत हा ब्यूकॅनन होता. नोकरी गेल्यावर त्यानें भावांच्या मदतीनें कॉफी लावली आणि तो त्या देशांतील एक बडा मळेवाला बनला. मिशनमधून घालविलेला माळी श्रीमंत झाला, ही गोष्ट मिशनमध्यें राहिलेल्यांच्या नजरेंतून सुटली नसावी!

आतां आमच्या नायकाकडे वळूं. जोसेफ बूथ हा इंग्लंडांतील डर्बीचा, जन्म १८५१ चा. तो प्रथम न्यूझीलंडास आणि मग ऑस्ट्रेलियांत गेला आणि मेलबर्न शहरांत धंद्यांत चांगला स्थिरावला. बॅप्टिस्ट पंथाचा हा कळकळीचा माणूस नास्तिकांशीं वाद घालीत असे. अशाच एका वादांत प्रतिपक्ष्यानें त्यास सुनावलें कीं, तुमच्या ख्रिस्ताचें म्हणणें खरें वाटत असेल तर सर्वस्व विकून रानटी म्हणविल्या जाणाऱ्या लोकांत जाऊन कां राहत नाहीं? वादांत असें बोलणारे पुष्कळ असतात, तें ऐकून घर मोडणारे विरळा. बूथनें खरोखरच धंदा मोडला. निघण्यापूर्वींच, १८९१ सालीं, त्याची पत्नी वारली. तरीहि वयांत आलेला मुलगा आणि नऊ-दहा वर्षांची मुलगी एमिली यांना घेऊन तो १८९२ सालीं शिरेच्या पठारावर येऊन पोहोंचला आणि त्यानें ‘झांबेझी इंडस्ट्रियल मिशन’ काढलें. स्थानिक मुखियाकडून विस्तीर्ण जमीन मिळविली आणि कॉफी लावण्यास आरंभ केला.

त्याच्यापुढें आदर्श होता विल्यम कॅरीचा. मराठी माणसास कॅरी परका नाहीं. १८०५ सालीं श्रीरामपूरच्या छापखान्यांतून मराठी भाषेचें व्याकरण काढणारा तोच हा कॅरी. त्याचें म्हणणें असें कीं, मिशनऱ्यानें आपली पोळी आपण मिळवावी. आणि तो स्वतः बंगाल्यांत येतांच कांहीं वर्षें निळीच्या कारखान्यावर व्यवस्थापक होता. निळीचा धंदा आणि रयतेची स्थिति यांविषयीं पुढें बंगाल्यांत काय काय घडलें, तें आपणांस ठाऊक आहे. कॅरीचा उपदेश बूथनें उचलला; निळीची पुढची कथा त्याच्या मनांत कितपत होती, कोण जाणे.

कॉफीचें झाड दिसावयास गरीब, पण मोठें मानी. बीं प्रथम वाफ्यांत पेरावें, वर गवताचें छप्पर करून कोंवळीं रोपें उन्हापासून राखावीं, पुढें पाऊस लागतांच आधीं खणून ठेवलेल्या खड्ड्यांत तीं लावावीं. मग तण काढीत बसावें. तिसऱ्या वर्षीं थोडीं फळें दिसतात. पुरतें पीक यावयास आणखी वर्ष-दोन वर्षें जातात. म्हणजे विलायतेच्या वर्गणीवर जगावयाचें नाहीं असें ठरविलेल्या मिशनला पहिलीं तीन-चार वर्षें विलायतेच्या वर्गणीवरच जगावें लागणार! स्वावलंबनाची ही पहिली थट्टा. बूथ वरचेवर इंग्लंडास आणि स्कॉटलंडास जाई, तो भांडवलासाठीं.

पावसाची पहिली सर पडली म्हणजे मात्र मळ्याला एक चमत्कार घडतो. फांद्या पांढऱ्या फुलांनीं झांकून जातात आणि मोगऱ्यासारखा वास सुटतो. हा उत्सव दोन-चार दिवसांचा. त्यानंतर हिरवीं फळें सात-आठ महिने सावकाश पिकतात, आणि थंडीच्या, कोरड्या महिन्यांत तोडणी येते. फळें एकदम पिकत नाहींत, म्हणून त्याच झाडापाशीं पुन्हां पुन्हां जावें लागतें आणि लाल झालेलें तेवढेंच फळ खुडावें लागतें. बायका आणि मुलें हें काम चांगलें करीत.

या पठारावरील मळेवाल्या मिशनांचा दिवस साधारणपणें असा जाई. झुंजुमुंजु होतांच घंटा वाजे. माणसें जमत, स्थानिक भाषेंत प्रार्थना होई, एखादें गीत म्हटलें जाई आणि लागलीच हजेरी. तेथील मुकादमास पोर्तुगीज शब्दावरून ‘कपिताओ’ म्हणत. प्रत्येक मजुराजवळ एक तिकीट असे. दिवसाचें नेमून दिलेलें काम पुरें झालें म्हणजे त्यावर एक खूण व्हावयाची आणि महिन्याच्या खुणा भरल्या म्हणजे मजुरी मिळावयाची. अमुक इतके खड्डे, अमुक ओळींतील तण, असा कामाचा मक्ता. दुपारीं मक्याच्या पिठाचा घट्ट उकडा, त्यास तेथें ‘न्सिमा’ म्हणतात. दुपारनंतर किंवा सांजवेळीं शाळा भरे, तींत सकाळचे मजूर आणि त्यांचीं मुलें एकाच बांकावर बसत. इकडे घरांत औषधाची पेटी उघडलेली. कोणाच्या पायाला जखम, कोणाच्या पोराला खोकला. क्विनीनची बाटली तर घरच्याच माणसांसाठीं कायमची काढून ठेवलेली. तोडणीच्या दिवसांत संध्याकाळ यंत्राजवळ जाई. लाल फळें यंत्रांत घालून त्यांचा गर सोलावयाचा, चिकट बिया हौदांत दीड दिवसपर्यंत आंबूं द्यावयाच्या, मग वाहत्या पाण्यांत धुऊन चटयांवर वाळवावयाच्या. वाळलेला माल पोत्यांत भरून माणसांच्या डोक्यावरून नदीच्या धक्क्यापर्यंत, तेथून होडीनें व आगबोटीनें चिंदे बंदरापर्यंत, तेथून लंडनच्या बाजारांत. लंडनांत त्या सालीं काय भाव येईल, तो मित्सिदीच्या प्रार्थनेवर अवलंबून नव्हता.

ऐकावयास हा दिनक्रम सुखाचा वाटतो, आणि पुष्कळ दिवस तो तसाच जातहि असेल. अडचण होती ती कामांत नव्हती, तर सकाळचा पाद्री आणि सायंकाळचा धनी हा एकच मनुष्य होता यांत होती. मजुरी आरंभींच्या काळीं नाण्यांत नसून मांजरपाटाच्या वारांत देत. ज्या हातानें सकाळीं बायबल उघडलें त्याच हातानें महिनाअखेर कापड मोजावयाचें. आणि ज्या गड्यास आपण सर्व मानव बंधू आहेत असें शिकविलें, त्याच्या तिकिटावर एक खूण कमी आहे हेंहि त्यास सांगावयाचें. रविवारचा प्रश्न तर नेहमींचाच. हौदांतील कॉफी दीड दिवसांत धुतली नाहीं तर आंबट होऊन बिघडते. तिला चौथी आज्ञा ठाऊक नाहीं. म्हणजे शनिवारीं दुपारीं तोडणी आटोपती घ्यावी, नाहींतर झाडावर पिकलेलीं फळें गळतांना पाहावीं, नाहींतर रविवारीं घंटा वाजत असतां हौदावर माणसें पाठवावीं. बूथच पुढें शनिवार पाळणाऱ्या बॅप्टिस्ट पंथाला मिळाला आणि त्यानें त्या पंथाकरितां थ्योलो भागांत सुमारें २,००० एकरांचा कॉफीचा मळा घेवविला. शेजारचे गोरे रविवार पाळणार, सरकारी कचेरी रविवारीं बंद आणि या मळ्यावर शनिवारीं शुकशुकाट! हा मळा १९०२ सालीं सेव्हन्थ-डे ॲड्व्हेंटिस्ट पंथाकडे गेला. तो पंथहि शनिवार पाळणाराच. पुढें तेथें कॉफीचें महत्त्व उरलें नाहीं. मालामुलो या नांवानें तेथील रुग्णालय मात्र प्रसिद्ध झालें.

परंतु रविवारपेक्षांहि अवघड प्रश्न पावसाचा होता. रोपें लावावयाचीं पावसांत, तण माजतें तें पावसांत. आणि खेड्यांतल्या माणसाचें स्वतःचें मक्याचें शेतहि पावसांतच. त्या दोन-तीन महिन्यांत ज्याचे हात दुसऱ्याच्या मळ्यावर गुंतले, त्याच्या घरांत पुढच्या वर्षीं उपास. आपल्याकडील कोणत्याहि कुळास हें समजावून सांगावें लागणार नाहीं. त्यांतच सरकारनें झोपडीकर बसविला. तो भरावयास नाणें हवें, आणि नाणें मळेवाल्याकडे. १९०१ सालीं कर सहा शिलिंग ठरला, पण गोऱ्या धन्याकडे महिनाभर काम केल्याचा दाखला आणील त्याला तीनच. कायद्यानें मजूर मळ्याकडे ढकलण्याची ही युक्ति होती. शिवाय मळ्याच्या हद्दींत झोपडी असेल तर जागेच्या भाड्यापोटीं काम करून द्यावयाचें. त्यास ‘थांगाटा’ म्हणत. मूळ शब्दाचा अर्थ साह्य करणें असा आहे. शेजाऱ्यानें शेजाऱ्यास आनंदानें द्यावयाच्या मदतीचें नांव वेठीला मिळालें.

बूथला हें सर्व दिसत होतें, आणि हीच त्याची थोरवी असें मला वाटतें. त्यानें चालू दरापेक्षां जास्त मजुरी दिली. त्यावर मळेवाले रागावले यांत नवल नाहीं. पण ब्लँटायरचें स्कॉटिश मिशनहि रागावलें. आम्ही शिकवून तयार केलेलीं माणसें हा गृहस्थ पैशाची लालूच दाखवून पळवितो, अशी त्यांची तक्रार होती. ती अगदींच खोटी होती असेंहि म्हणतां यावयाचें नाहीं. जास्त मजुरी देणें ही परोपकारबुद्धि कीं मजूर मिळविण्याची युक्ति, हें मळ्याच्या धन्यानें स्वतः सांगून कोण ऐकणार?

स्कॉटिश शाळेंत शिकलेला असाच एक तरुण १८९२ सालींच बूथच्या दाराशीं आला. त्याच्या हातांत मोडक्यातोडक्या इंग्रजींत लिहिलेली चिठ्ठी होती. देवासाठीं मला आपणाजवळ ठेवा, मी आपला स्वयंपाकी होईन, असा तिचा आशय. त्याचें नांव जॉन चिलेंब्वे. बूथ आणि एमिली तापानें लोळत पडलीं होतीं तेव्हां या चिलेंब्वेनें त्यांची शुश्रूषा केली. पुढें वृद्धपणीं एमिलीनें आपल्या आठवणींचें पुस्तक लिहिलें, तें १९५२ सालीं प्रसिद्ध झालें. त्यांत तिनें त्याची आठवण कृतज्ञतेनें काढली आहे. १८९३ सालीं बूथनें त्यास बाप्तिस्मा दिला. १८९४ सालीं बूथचा मुलगा वारला. मळा उभा राहत होता, झाडें फळांवर येत होतीं आणि घर मात्र रिकामें होत चाललें होतें.

बूथचा मूळ बेत असा कीं, भांडवल गोऱ्यांनीं पुरवावें, विद्या शिकवावी आणि कांहीं वर्षांनीं मळा, यंत्रें, शाळा हें सर्व आफ्रिकनांच्या स्वाधीन करून दूर व्हावें. लंडनची कमिटी यास कबूल होणें कठीण होतें. जिचें पीक आतांच हातीं येऊं लागलें आहे ती जमीन कोणती कमिटी सोडील? बूथचें आणि तिचें बिनसलें. १८९७ सालीं त्यानें ‘आफ्रिका आफ्रिकनांसाठीं’ या अर्थाच्या नांवाचें पुस्तक प्रसिद्ध केलें आणि त्याच वर्षीं चिलेंब्वेस अमेरिकेंत नेलें. १८९९ सालीं झोपडीकराचें उत्पन्न आफ्रिकनांच्या शिक्षणावर खर्च व्हावें असा अर्ज त्यानें राणी व्हिक्टोरियाकडे धाडला, तेव्हां सरकारचा रोष होऊन त्यास कांहीं काळ पोर्तुगीज मुलुखांत निघून जावें लागलें. स्वभावानें तो अस्थिर होता हें खरें. एक मिशन काढावें, तें दुसऱ्यावर सोंपवावें, तिसरें काढावें, असें त्याचें चाले. आणि त्याच्या सहकाऱ्यांच्या अडचणींचा मोठा भाग या अस्थिरतेंतून आला. परंतु मळ्याचा धनी होऊन मळ्याविरुद्ध साक्ष देणारे लोक स्थिर स्वभावाचे असतील अशी अपेक्षा आपण करावी तरी कशी?

चिलेंब्वे अमेरिकेंतील व्हर्जिनिया प्रांतांत नीग्रो बॅप्टिस्टांच्या विद्यालयांत शिकून, पाद्री होऊन १९०० सालीं परतला. चिराड्झुलू भागांत त्यानें ‘प्रॉव्हिडन्स इंडस्ट्रियल मिशन’ काढलें आणि त्यानेंहि कॉफी लावली, कापूस लावला. फरक एवढाच कीं येथें धनी आणि मजूर एकाच वर्णाचे. अमेरिकेहून लँडन चीक आणि एमा डिलेनी हे नीग्रो मिशनरी येऊन त्यास मिळाले. शाळा, शिवणकाम, शेती यांत दहा-बारा वर्षें गेलीं, आणि १९१३ सालीं विटांचें एक भव्य प्रार्थनामंदिर पुरें झालें. कॉफीनें मात्र त्यास हात दिला नाहीं. तिनें त्या पठारावर कोणासच दिला नाहीं. १९०० च्या सुमारास तेथील निर्यात शिगेस पोहोंचली, आणि नंतर ब्राझीलच्या अमाप पिकानें भाव कोसळले, पावसानें दगा दिला, खोड पोखरणाऱ्या किड्यानें झाडें उभींच्या उभीं वाळविलीं.

चिलेंब्वेच्या शेजारीं मोठी इस्टेट होती ती मागोमेरोची. होय, तीच जागा जेथें १८६१ सालीं सोडविलेले गुलाम वस्तीस आले होते. इस्टेट आतां खुद्द डेव्हिड लिव्हिंग्स्टनच्या मुलीच्या सासरच्या मंडळींची होती. तेथेंहि कॉफी फसून कापूस आला होता. तेथील व्यवस्थापकाचें आडनांवहि योगायोगानें लिव्हिंग्स्टनच. विल्यम जर्व्हिस लिव्हिंग्स्टन. थांगाट्याचें काम ऐन पावसांत घेतलें जाई आणि तें ठरल्यापेक्षां लांबत जाई. इस्टेटीच्या हद्दींत चिलेंब्वेच्या अनुयायांनीं प्रार्थनेसाठीं झोपड्या बांधल्या, त्या या व्यवस्थापकानें जाळविल्या. महायुद्ध सुरू होऊन आफ्रिकन शिपाई आणि हमाल दुसऱ्यांच्या भांडणांत मरूं लागले, तेव्हां चिलेंब्वेनें वर्तमानपत्राकडे निषेधाचें पत्र लिहिलें. २३ जानेवारी १९१५ च्या रात्रीं त्याच्या माणसांनीं मागोमेरोवर हल्ला करून व्यवस्थापकास ठार केलें. बायकामुलांस मात्र कोणी इजा केली नाहीं. दहा-बारा दिवसांत बंड मोडलें. ३ फेब्रुवारीस चिलेंब्वे गोळीस बळी पडला. सरकारनें त्याचें विटांचें मंदिर सुरुंग लावून उडवून दिलें. चौकशी कमिशननें बंडाच्या कारणांत मागोमेरो येथील मजुरांच्या वागणुकीचा स्पष्ट उल्लेख केला. बूथ त्या वेळीं दक्षिण आफ्रिकेंत, शेंकडों मैल दूर होता. तरी त्यास त्याच सालीं तेथून हद्दपार करण्यांत आलें. तो १९३२ सालीं इंग्लंडांत वारला.

एमा डिलेनीच्या शाळेंत डॅनियल मालेकेबू नांवाचा एक मुलगा होता. ती अमेरिकेस परतल्यावर तो तिच्या मागोमाग, घर सोडून, समुद्र गांठून अमेरिकेस गेला आणि डॉक्टर झाला. १९२६ सालीं तो आपल्या पत्नीसह परत आला आणि त्यानें चिलेंब्वेचें मिशन पुन्हां उघडलें. शाळा सुरू केली, दवाखाना काढला, प्रार्थनामंदिर बांधावयास घेतलें. तोंपर्यंत डोंगराच्या उतारांवर चहा आणि खालच्या जमिनींत तंबाखू लागली होती. घंटा पूर्वीप्रमाणेंच झुंजुमुंजु होतांच वाजे.